एक सांधताना तेरा तुटले: कोर्सेअर डेकवर पोहोचायला उशीर का झाला?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदल आणि मरीन दलाच्या कोर्सेअर विमानांनी एकूण ६४,०५१ युद्ध-उड्डाणं केली. त्यातली विमानवाहू नौकांवरून झालेली उड्डाणं फक्त ९,५८१. म्हणजे बोटीसाठी मागवलेलं, पंख दुमडणारं, शेपटाला हूक असलेलं हे विमान शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा जमिनीवरूनच लढायला गेलं. असं का झालं, याचं सोपं उत्तर बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं: नाक लांब होतं, पुढचं दिसत नव्हतं. ते खरं आहे, पण अर्धंच. नाक लांब कोणी केलं आणि का केलं, दोष कळल्यावर ते निस्तरायला इतका वेळ का गेला, हा या प्रकरणाचा खरा भाग.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९३८ मध्ये अमेरिकन नौदलाने एक इंजिन असलेल्या वेगवान लढाऊ विमानासाठी प्रस्ताव मागवले. व्हॉट कंपनीत रेक्स बायझल यांच्या तुकडीने आराखडा केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये एका नमुना-विमानाचा करार झाला. बायझल यांचा विचार सरळ होता. मिळेल ते सगळ्यात मोठं इंजिन घ्यायचं आणि त्याभोवती शक्य तेवढं सडपातळ विमान बांधायचं. इंजिन होतं प्रॅट अँड व्हिटनीचं अठरा सिलिंडरचं डबल वास्प, पुढे २,००० अश्वशक्ती देणारं. एवढी ताकद हवेत उतरवायची तर प्रोपेलरही तसाच लागतो. तो निघाला १३ फूट ४ इंच व्यासाचा.

इथे पहिली गाठ बसली. एवढा प्रोपेलर जमिनीला घासू नये म्हणून चाकांचे पाय लांब करावे लागणार. लांब पाय म्हणजे जड पाय, आणि डेकवर आदळताना मोडायची भीती. यावर त्यांनी पंखच वाकवला. पंख अंगापासून निघतो तो आधी खाली उतरतो आणि मग वर चढतो, समोरून पाहिलं तर पसरट डब्ल्यू. जिथे पंख सर्वांत खाली येतो तिथेच चाक. पाय आखूड राहिले. शिवाय पंख अंगाला जवळजवळ काटकोनात भिडल्यामुळे तिथला हवेचा विरोधही कमी झाला. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

२९ मे १९४० रोजी पहिलं उड्डाण झालं. जुलैमध्ये खराब हवेत इंधन संपत आलं म्हणून चाचणी वैमानिकाने हे एकुलतं एक नमुना-विमान कनेटिकटमधल्या नॉर्विच इथल्या गोल्फच्या मैदानावर उतरवलं. ते उलटलं, मोडलं, पण दुरुस्त करण्याजोगं राहिलं. १ ऑक्टोबरला त्याच विमानाने स्ट्रॅटफर्ड ते हार्टफर्ड या टप्प्यात ताशी ४०५ मैलांचा सरासरी वेग गाठला. सरळ उड्डाणात चारशेच्या वर गेलेलं हे एका इंजिनाचं पहिलं अमेरिकन लढाऊ विमान. नौदल खूश, कंपनी खूश. ३० जून १९४१ ला ५८४ विमानांची मागणी नोंदवली गेली.

पहिला निर्णयबिंदू: टाकी हलली

दरम्यान युरोपात युद्ध पेटलं होतं आणि तिथून अनुभव येत होते. दोन-चार मशीनगन पुरत नाहीत, हा एक. इंधनाच्या टाकीला गोळी लागली तर ती आपोआप बुजली पाहिजे, हा दुसरा. दोन्ही गोष्टी शंभर टक्के बरोबर होत्या. म्हणून नाकातल्या बंदुका काढून पंखांत अर्ध्या इंची सहा बंदुका बसवायचं ठरलं. पंखात बंदुका आल्या की टाक्यांना जागा उरेना. मुख्य टाकी पंखातून निघाली आणि अंगात, इंजिन आणि वैमानिक यांच्या मध्ये येऊन बसली. टाकी सुमारे नऊशे लिटरची. ती वजनाच्या मध्याजवळच हवी, कारण इंधन संपत जाईल तसा विमानाचा तोल ढळता कामा नये. मग हलायचं कोणी? वैमानिकाने. कॉकपिट ३२ इंच, म्हणजे जवळपास ८१ सेंटिमीटर मागे सरकलं.

आपल्याकडे म्हणतात तसं, एक सांधायला गेलं आणि तेरा तुटले. आता वैमानिकासमोर सुमारे चौदा फूट लांब नाक होतं. जुन्या लांब बोनेटच्या ट्रकमध्ये बसून समोरचा खड्डा शोधून पाहिला असेल त्याला याची कल्पना येईल. फरक एवढाच, की ट्रकचं बोनेट आडवं असतं. शेपटाला चाक असलेल्या विमानाचं बोनेट उतरताना आकाशाकडे तोंड करून असतं. वेग कमी करायचा तर नाक आणखी वर. ज्या क्षणी डेक दिसायलाच हवा त्याच क्षणी तो नाकामागे गडप होतो.

अडचण: सँगमनवरच्या चार उतराई

उत्पादनातलं पहिलं विमान जून १९४२ मध्ये उडालं. २५ सप्टेंबर १९४२ रोजी चेसापीक खाडीत यूएसएस सँगमन या छोट्या विमानवाहू नौकेवर चाचणी झाली. उतराई झाल्या जेमतेम चार, आणि तेवढ्यात रडगाणं पूर्ण गाऊन झालं.

दिसण्याचा प्रश्न तर होताच. त्यात इंजिनाभोवतीच्या हवेच्या झडपा उघडल्या की हायड्रॉलिकचं आणि इंजिनाचं तेल उडून पुढच्या काचेवर यायचं. आधीच दिसत नाही, त्यात काच तेलकट. त्यावर कॉकपिटचं झाकण जाड चौकटींचं, पिंजऱ्यासारखं.

दुसरं दुखणं पंखाचं. उतरताना वेग कमी आणि इंजिनाला ताकद दिलेली, अशा वेळी प्रोपेलरच्या झोतामुळे डाव्या पंखाची उचल उजव्याच्या आधी संपायची. तीही हळूहळू नव्हे, एकदम. डावा पंख धाडकन खाली. घाबरून वैमानिकाने इंजिनाला पूर्ण ताकद दिली की दोन हजार अश्वशक्तीच्या पिळाने विमान डावीकडेच उलटायचं. नवशिक्यांचे त्यात जीव गेले आणि नौदलात विमानाला नाव पडलं ‘एन्सिन एलिमिनेटर’, कनिष्ठ अधिकाऱ्यांचा कर्दनकाळ.

तिसरं पायांचं. चाकांचे शॉकअब्सॉर्बर, आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअप, फार कडक. डेकवर टेकलं की विमान चेंडूसारखं उसळायचं. विमान थांबवायला डेकवर आडव्या केबल ताणलेल्या असतात, शेपटाच्या हुकाने त्यातली एक पकडायची असते. उसळी मारून हूक एकामागून एक केबलवरून निघून जायचा आणि पुढे उभ्या विमानांचा ढीग.

यातली प्रत्येक तक्रार सुटी घेतली तर किरकोळ म्हणावी अशी. चारही एकाच दहा सेकंदांत येत होत्या, हे खरं अवघड जागेचं दुखणं.

पर्याय काय होते

नौदलापुढे पहिला मार्ग होता मूळ आराखड्यातच हात घालण्याचा, टाकी हलवून कॉकपिट पुढे आणण्याचा. १९४२ च्या शेवटी, पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावरच्या लढाईत विमानं कमी पडत असताना, कारखान्याची चालू रांग थांबवून हे करणं कोणालाच परवडणारं नव्हतं. त्यावर फार चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरा मार्ग ग्रमनच्या हेलकॅटचा. हे विमान कोर्सेअरच्या दोन वर्षांनंतर, जून १९४२ मध्ये पहिल्यांदा उडालं. इंजिन त्याच घराण्यातलं, वेग कोर्सेअरपेक्षा कमी, पण वैमानिक उंचावर बसलेला आणि स्वभाव शांत. नवख्या मुलाने आदळलं तरी सांभाळून घेणारं. ऑगस्ट १९४३ अखेर ते डेकवरून लढाईत उतरलंसुद्धा. मागून आलं आणि पुढे गेलं.

तिसरा मार्ग, कोर्सेअर मरीन दलाला जमिनीवरून वापरायला द्यायचं. मरीन वैमानिक जुन्या वाइल्डकॅट विमानांवर जपान्यांच्या झिरो लढाऊ विमानांशी झुंजत होते. त्यांना वेग हवा होता, आणि बेटांवरच्या धावपट्टीवर केबल पकडायची नसते.

चौथा मार्ग, जे आहे तेच थोडं थोडं दुरुस्त करत डेकवर ठेवायचं. हा मार्ग सोडून दिला नाही, पण त्याच्या मागे कोणी धावलंही नाही.

काय केलं

नौदलाने दुसरा आणि तिसरा मार्ग एकदम धरला. मरीनच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने फेब्रुवारी १९४३ मध्ये ग्वाडलकॅनालवरून कोर्सेअर लढाईत उतरवलं. १४ फेब्रुवारीला काहिली या जपानी तळावरच्या हल्ल्यात बॉम्बफेकी विमानांबरोबर गेलेल्या तुकडीला मोठा मार बसला. दोन कोर्सेअर, शिवाय बरोबरची इतर विमानंही गेली. सुरुवात चांगली नव्हती. पण काही महिन्यांत मरीन वैमानिकांना विमानाची नस सापडली. त्याच १२४ मधले केनेथ वॉल्श कोर्सेअरवरचे पहिले ‘एस’, म्हणजे शत्रूची पाच विमानं पाडणारे वैमानिक, ठरले आणि त्यांच्या नावावर पुढे २१ विजय लागले.

डेकची बाजू मात्र रेंगाळली. नौदलाच्या ज्या पहिल्या स्क्वॉड्रनला कोर्सेअर मिळालं, ते लढाईत जाण्याआधीच हेलकॅटवर गेलं. दुसरं, टॉम ब्लॅकबर्न यांचं १७ क्रमांकाचं स्क्वॉड्रन, हट्टाला पेटलं. त्यांनी बंकर हिल या नव्या नौकेवर विमान चालवून पाहिलं, कंपनीच्या लोकांना धरून एकेक दोष निस्तरत नेला.

त्या दुरुस्त्या जवळून बघण्यासारख्या आहेत. डाव्या पंखाचा दोष काढायला डाव्या पंखाला कोणी हात लावला नाही. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर, बंदुकांच्या बाहेरच्या बाजूला, सुमारे सहा इंच लांबीची एक छोटी पट्टी बसवली. ती पट्टी उजव्या पंखावरची हवा मुद्दाम बिघडवते, त्यामुळे उजव्याची उचलही डाव्याबरोबरच संपते. चांगल्या बैलाला थोडं मागे ओढून जोडी सारखी करायची, तसं. वरच्या बाजूच्या हवेच्या झडपा कायमच्या बंद केल्या, काचेवरचं तेल थांबलं. वैमानिकाची खुर्ची सात इंच उंच केली, पिंजऱ्याऐवजी फुगीर, कमी चौकटींचं झाकण दिलं. हा बदल कारखान्यात ६८९ व्या विमानापासून आला. शेपटाच्या चाकाचा पाय लांब केला. आणि कॉकपिटपुढच्या टाकीवरच्या पत्र्याच्या सांध्यांतून पेट्रोल झिरपून काचेवर येई, त्याला उपाय काय? सांध्यांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या. त्या काळच्या फोटोंत काचेच्या पुढे त्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. दोन हजार अश्वशक्तीचं अव्वल विमान, आणि त्याच्या नाकावर जखमेवर लावतात तशा पट्ट्या. मला या विमानाचा हा फोटो सगळ्यात खरा वाटतो.

दुसरा निर्णयबिंदू: बंकर हिलवरून उतरवलं

१९४३ च्या शरदात बंकर हिल पॅसिफिककडे निघाली तेव्हा १७ चे लोक डेकवर उतरण्यात तयार झाले होते. तरी त्यांना नौकेवरून काढून सॉलोमन बेटांत ओंडोंगाच्या धावपट्टीवर पाठवलं गेलं. कारण उड्डाणाचं नव्हतं, भांडाराचं होतं. ताफ्यातल्या बाकी नौकांवर हेलकॅट होती. एका नौकेसाठी वेगळे सुटे भाग, वेगळे कारागीर हजारो मैल पुरवत बसायचं कोणी?

पुढचा प्रसंग तर नाटकात शोभावा. ११ नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकन नौकांनी रबाउल या जपानी तळावर हल्ला चढवला, त्यांच्या वरच्या संरक्षणाला जमिनीवरून १७ चीच विमानं आली. शेपटाचे हूक त्यांनी पुन्हा बसवून घेतले होते. इंधन संपत आल्यावर ती त्याच बंकर हिलवर आणि एसेक्स या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर उतरली, इंधन आणि गोळ्या भरून पुन्हा लढायला गेली. डेकला अयोग्य ठरवलेल्या विमानांनी ऐन लढाईत डेकचा उपयोग करून दाखवला, आणि संध्याकाळी परत धावपट्टीवर गेली.

दर्यावरचे दुसरे

इकडे ब्रिटिशांना एवढे चोचले परवडत नव्हते. त्यांच्या हाती आलेलं सीफायर, म्हणजे स्पिटफायरची नौकेवरची आवृत्ती, उतरताना नाजूक, पल्ल्याला तोकडं. १९४३ च्या मध्यापासून त्यांना कोर्सेअर मिळू लागलं, युद्ध संपेपर्यंत सुमारे दोन हजार. त्यांनी प्रश्न विमानापेक्षा वैमानिकाच्या वाटेकडून सोडवला. डेकच्या मागे सरळ रेषेत यायचंच नाही. डावीकडे वळत वळत यायचं, म्हणजे नाकाच्या बाजूने डेक आणि हातात फळ्या घेऊन उभा असलेला सिग्नल अधिकारी दिसत राहतो. अगदी शेवटच्या क्षणी पंख सरळ करायचे आणि टेकायचं. ही युक्ती ब्रिटिशांची म्हणून प्रसिद्ध आहे, पण ब्लॅकबर्न यांची माणसंही तशीच उतरत होती. श्रेयाचं भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं.

ब्रिटिश नौकांच्या पोटातली विमानघरं बुटकी होती. दुमडलेले पंख वर छताला लागायचे, म्हणून दोन्ही टोकं आठ-आठ इंच कापली. त्याने उतरताना विमान हवेत तरंगत राहण्याची खोडही कमी झाली म्हणतात. सुताराने दार घासावं आणि खिडकीची कुरकुर थांबावी, तसा प्रकार.

३ एप्रिल १९४४ ला नॉर्वेच्या खाडीत लपलेल्या टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला झाला, तेव्हा व्हिक्टोरियसवरच्या कोर्सेअरनी वरून राखण केली. त्याच महिन्यात इलस्ट्रियसवरची कोर्सेअर आपल्याच बाजूच्या समुद्रात, त्रिंकोमालीहून निघून सुमात्राजवळच्या सबांगवरच्या हल्ल्यात होती.

अमेरिकन नौदलाने त्याच एप्रिलमध्ये गॅम्बियर बे नौकेवर पुन्हा चाचणी घेतली. तोवर शॉकअपची झडप बदलून उसळी काढली गेली होती. ११३ उतराई झाल्या, मोठी अडचण आली नाही, आणि विमान डेकसाठी मंजूर झालं. गंमत म्हणजे रात्रीच्या लढाईसाठी रडार बसवलेली मोजकी कोर्सेअर जानेवारी १९४४ पासूनच एंटरप्राइझवरून उडत होती, तीही अंधारात. दिवसा नको आणि रात्री चालेल, असा हा न्याय.

परिणाम

मंजुरी मिळूनही ताफ्यात गर्दी झाली नाही. ती झाली आत्मघाती हल्ल्यांमुळे. ऑक्टोबर १९४४ पासून जपानी विमानं नौकांवर आदळू लागली आणि डेकवर वेगवान लढाऊ विमानांची, त्याहून वैमानिकांची, निकड निर्माण झाली. डिसेंबर १९४४ च्या अखेरीस मरीनची १२४ आणि २१३ ही स्क्वॉड्रन कोर्सेअर घेऊन एसेक्सवर चढली. बेटांवर मुरलेल्या या माणसांना डेकची सवय नव्हती, सुरुवातीच्या दिवसांत शत्रूपेक्षा अपघातांनीच जास्त घात केला. १९४५ मध्ये बंकर हिलवरही कोर्सेअर परतलं. तिथल्या ८४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते रॉजर हेड्रिक, पूर्वी १७ मध्ये ब्लॅकबर्न यांचे दुय्यम. दीड वर्षापूर्वी ज्या नौकेवरून उतरवलं त्याच नौकेवर, त्याच जातीचं विमान घेऊन.

हिशेबाच्या वहीत कोर्सेअरच्या नावावर २,१४० हवाई विजय आणि हवाई झुंजीत गमावलेली १८९ विमानं आहेत. यावरून अकरास एक हे प्रमाण छापलं जातं. मी ते जरा राखूनच वाचतो. झुंजीच्या धामधुमीत दोघांनी एकच विमान मोजणं सगळ्याच हवाई दलांत झालं आहे. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: सराव, ने-आण अशा लढाईबाहेरच्या उड्डाणांत ६९२ कोर्सेअर गेली. झुंजीत गेली त्याच्या साडेतीनपट.

विमान मात्र चिवट निघालं. उत्पादन १९५० च्या दशकातही चालू राहिलं, एकूण साडेबारा हजारांच्या वर. कोरियात त्याने जमिनीवरच्या सैन्याला आधार दिला, फ्रेंच नौदलाने ते १९५६ मध्ये सुएझला वापरलं.

वेगळं काय करता आलं असतं

हेलकॅट निवडणं चूक होतं असं मला वाटत नाही. १९४३ मध्ये हजारो नवी मुलं डेकवर पाठवायची होती, त्यांच्या हाती क्षमाशील विमान देणं हाच शहाणपणा. पुरवठ्याची सोय म्हणून एकाच जातीचं विमान ठेवणं, हेही पटण्यासारखं आहे.

पटत नाही ते दुसरंच. टाकी हलवण्याचा निर्णय बंदुका आणि गोळ्यांपासून बचाव याच खात्यात पाहिला गेला. उतरताना वैमानिकाला काय दिसेल, हे लाकडी नमुन्यात खुर्ची ठेवून, शेपूट टेकवून, समोर एक माणूस फळ्या घेऊन उभा करून एका दुपारी कळलं असतं. खुर्ची सात इंच उंच करायला ६८८ विमानं बनेपर्यंत थांबायची गरज नव्हती. पुढे नौदलांना जेट मिळाली तेव्हा नाकाखाली चाक आणि वैमानिक अगदी टोकाला, अशी मांडणी आली. गोव्यात वास्कोजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात आपल्या विक्रांतवरचं सी हॉक उभं आहे. त्याच्या कॉकपिटपुढे नाक किती थोडं उरतं, ते कोर्सेअरचा फोटो मनात ठेवून पाहावं.

सँगमनच्या अहवालाचंही तसंच. चार किरकोळ दोषांची बेरीज करून ‘डेकला अयोग्य’ असा एकच शिक्का बसला. शिक्का बसला की यादी कोणाचीच राहत नाही. तेल, पट्टी, खुर्ची, शॉकअप ही चार कामं चार माणसांच्या गळ्यात तारखेसह घातली असती, तर सप्टेंबर १९४२ ते एप्रिल १९४४ हे एकोणीस महिने लागले नसते. निदान रबाउलच्या त्या दिवसानंतर तरी वाद संपायला हवा होता. डेकवर कोर्सेअर उतरवण्यात त्या वेळी अमेरिकेत ज्यांचा हात सगळ्यात बसलेला होता, त्या माणसांना इतर स्क्वॉड्रन शिकवायला परत बोलावण्याऐवजी सॉलोमनच्या धावपट्टीवरच ठेवलं. तिथे त्यांनी पराक्रम गाजवला, यात वाद नाही. एसेक्सवर वर्षभराने चढलेल्या मरीन वैमानिकांना मात्र तेच धडे पहिल्यापासून गिरवावे लागले.